मुकाट्यानं दळलेलं पीठ

सून ज्वारीचं ताजं पीठ चाळते, त्या वासानं मला शिरूरचं घर आठवतं. तेव्हा आमच्या भागात निजामाचं राज्य होतं. एका पहाटे बायको जात्यावर गात होती, "धन्याचा माझ्यावर लोभ लई."

मुक्कामाला आलेला मेव्हणा हसला, "दाजी, आक्का तुमाला लोभी म्हणतीया!"

मी ओरडलो, "बंद कर गाणं!" ती मुकाट दळत राहिली.

संध्याकाळी पोथीवाल्या बुवांना हे सांगितलं. ते म्हणाले, "येड्या, जुन्या ओव्यांत लोभ म्हंजे माया."

घरी येऊन तिला 'गा' म्हणायचं होतं. म्हणालो, "कालवणात मीठ न्हाई." मीठ बरोबर होतं.

गेल्या पोळ्याला ती वारली. तोवर माझ्यासमोर तिनं पुन्हा ओवी म्हटली नाही. मी शेतात गेलो की गायची, असं शेजारीण आता सांगते.