रुखवतात मांडलेले लेसचे रुमाल

सासूबाईंची आई हैदराबादच्या जहागीरदारांची लेक. लग्नात तिच्या रुखवतात लेसचे पांढरे रुमाल आले होते. मधे तळहाताएवढी मलमल, बाकी सगळी जाळीच. ते सासूबाईंकडे आले आणि मी लग्न होऊन मानवतला आले तेव्हापासून माझ्याकडे. दर दिवाळीनंतर मी ते सावलीत वारा देऊन जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायची. घडी दरवेळी वेगळ्या जागी, नाहीतर जाळी तिथंच तुटते. घरात दुसऱ्या कुणी त्यांना हात लावला नाही, आणि कधी विचारलंही नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाचीचं लग्न ठरलं आणि नणंदबाईंचा फोन आला, "वहिनी, ते रुमाल पाठवा. पोरीच्या रुखवतात ठेवायचेत."

"ताई, लय जुने हायेत. काचेखाली ठेवणार असाल तर देते."

"काचेखालीच ठेवू की!"

मला द्यायचे नव्हते. पण अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "दे गं, तिच्याच पणजीचे हायेत." मग काय बोलणार!

परभणीच्या मंगल कार्यालयात पोचले आणि रुखवताच्या टेबलापाशी थबकलेच. काच कुठंच नव्हती. सजावट करणाऱ्या बाईनं रुमालांचे पंखे आणि हंस करून ते लाल मखमलीच्या पुठ्ठ्यावर चक्क गोंदानं चिकटवले होते. वर चमकी.

"हे काय केलंत?" मी नणंदबाईंना विचारलं.

"किती छान दिसायलंय बघा! सगळे फोटो काढायलेत."

मला राहवेना. अजून ओला असेल गोंद, निघेल, म्हणून मी एका पंख्याचं टोक हळूच उचललं. जाळी उभी फाटत माझ्या हातात आली. गोंद केव्हाच वाळला होता. नेमक्या तेव्हाच नवरदेवाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या.

"अहो वहिनी, फाडलात की!" नणंदबाई मोठ्यानं म्हणाल्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. चिकटवलं कुणी, हे विचारायचं तिथं कुणाला सुचलं नाही. पुढं जेवणाच्या पंगतीतही तीच चर्चा. मी जिलबी तशीच ठेवून उठले.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, निदान त्या तरी हळहळतील. त्यांनी विचारलं, "पोरगी कशी दिसत होती?"

"आई, मी रुमालांचं सांगायलेय!"

"जाऊ दे. माझ्या आईला ते आवडायचेच न्हाईत. घाम पुसता येत न्हाई, नाक पुसता येत न्हाई, असला रुमाल काय कामाचा, म्हणायची."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तू एवढ्या मायेनं घड्या घालायचीस. कशाला सांगू?"

मला त्यांच्यावर चिडावं की स्वतःवर, कळेना. दुसऱ्या दिवशी, कार्यालयातून उचलून आणलेला पुठ्ठा कोमट पाण्यात भिजत घातला. मखमलीचा लाल रंग सुटला आणि उरलेले रुमालही गुलाबी झाले. दोन-तीनच सुटे निघाले. बाकीचे पापडासारखे कडक. टाकवत नाहीत, ठेववत नाहीत.

परवा नणंदबाईंचा परत फोन. भाचीच्या सासरच्यांना ते हंस फार आवडले म्हणे, तसे अजून आहेत का?

मी फोन ठेवून दिला.