मागच्या स्क्रूची पट्टी

बोगदानाकडे कुणी बंदूक घेऊन आला की ती आधी बंदुकीला हात लावायची नाही. त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघायची आणि विचारायची, "खेळणार कुठं? गिरणीत की डोंगरात?" तो म्हणायचा, गिरणीत. "मग मारणार किती लांबून?" इथं तो गडबडायचा, कारण दुकानात हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसायचा. तो आलेला असायचा एकशेवीसची स्प्रिंग मागायला, आणि जायचा नव्वदची बसवून, तोंड पाडून.

आमच्या बंदुका खोट्याच. एअरसॉफ्टच्या, एकमेकांवर छर्रे मारायच्या खेळातल्या. आत एक स्प्रिंग मागे ओढली जाते, सुटते, पिस्टनला ढकलते, आणि हवेच्या झटक्यानं प्लास्टिकचा छर्रा बाहेर पडतो. स्प्रिंगचा नंबर म्हणजे तो छर्रा सेकंदाला साधारण किती मीटर जाईल, तेवढंच. पण त्या नंबरावरून आमच्या स्लिवेन गावातली बाप्ये माणसं अशी भांडतात, जणू त्यांची मर्दानगीच खिळ्याला टांगलीय. नव्वद म्हटलं की नाकं मुरडतात. मीही मुरडलं होतं. तेव्हा ती मला म्हणाली होती, "तुझ्या बंदुकीतून हवा गळतेय, आणि तू तिला मोठी स्प्रिंग देतोस. फाटक्या फुग्यात जोरानं फुंकून काय होणार? गळती बंद कर, मग बोल." मला राग आला. दोन दिवस बोललो नाही. मग गळती बंद केली. नव्वदच पुरली.

ती बस डेपोत दारं दुरुस्त करायची. बसची दारं हवेवर चालतात, त्यामुळे हवा कुठं चोरून निघते ते तिला कानानं कळायचं. आमच्याच इमारतीच्या तळाला तिचं गॅरेज. मोटार तिथं कधी उभी राहिली नाही. टेबल, विजेची शेगडी आणि भिंतीवर टांगलेल्या स्प्रिंगा. नवी स्प्रिंग आली की ती अंगठ्यानं दाबून बघायची, दाबून धरायची, पुन्हा सोडायची, आणि खोक्यावरच्या नंबराला शिवी घालायची. "हिच्यावर शंभर लिहिलंय. ही कसली शंभर? महिनाभर खेळली की बसेल खाली." आणि तसंच व्हायचं. स्वभावानं गोड बाई नव्हती. तोंडाळ होती, आपलं खरं करणारी होती, आणि मला ती त्यासाठीच आवडायची.

आता गिरणीचं सांगतो. जुनी लोकरीची गिरणी, माझी आई तिथंच कामाला होती. बंद पडली तशी पालिकेला ती पाडून काहीतरी चकाचक बांधायचं होतं. मी कायद्याची पुस्तकं वाचनालयात बसून वाचली, मला कुणी शिकवलं नाही. एक अख्खा हिवाळा पालिकेच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसलो. मला येताना बघून शिपाई आतून कडी घालायचा. शेवटी कंटाळून त्यांनी कातणखात्याची इमारत आमच्या वस्तीच्या एअरसॉफ्ट क्लबाला वापरायला दिली. अट एकच: कुणाला इजा झाली तर कारण कळवायचं. आमच्या नियमात खोट निघाली, तर कुलूप. एखाद्यानं नियम मोडला असेल, तर तो माणूस बाहेर, क्लब चालू.

म्हणून पंच म्हणून आम्ही बोगदानाला नेमलं. सगळ्यांनी हात वर करून. खेळाच्या सकाळी दाराशी टेबल, टेबलावर वेग मोजायचं यंत्र, शेजारी कुणाची तरी बानित्सा, चीज भरलेली पोळी, कागदात गुंडाळलेली. प्रत्येकानं आपल्या बंदुकीतून यंत्रात छर्रे मारायचे. आकडा शंभराच्या आत असला की बोगदाना नळीला हिरवी प्लास्टिकची पट्टी आवळायची. पुढे नव्या बंदुका आल्या. त्यांचा मागचा एक स्क्रू काढला की उभ्या उभ्या स्प्रिंग बदलता येते. तेव्हा तिनं दुसरी पट्टी सुरू केली, मागच्या स्क्रूवरून. ती कापल्याशिवाय स्क्रू फिरत नाही. माणसं कुरकुरली. स्तामेन, ज्याच्या व्हॅनमधून आमचं सगळं सामान यायचं, तो म्हणाला की ही तर तुरुंगाची झडती झाली. ती म्हणाली, "मग तुरुंगात येऊ नकोस." स्तामेन आला. पट्टी लावून घेतली.

त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ रोसेन जर्मनीहून परत आला. तिकडच्या गोदामात बरीच वर्षं काढून. दिसायला राजबिंडा, बोलायला मधाळ, आणि आईचा जीव की प्राण. पेन्का मावशी, म्हणजे त्यांची आई, माझ्याच वरच्या मजल्यावर राहते. ईस्टरला आमच्याकडे उकडलेली रंगीत अंडी एकमेकांच्या अंड्यावर टकरवतात, ज्याचं फुटत नाही तो नशीबवान. लहानपणी दरवर्षी रोसेनचंच अंडं कसं शाबूत राहायचं, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पोरगं नशीब घेऊन आलंय, म्हणायची. बोगदाना तेव्हा उठून भांडी घासायला घ्यायची.

रोसेननं तिकडून मोठी महागडी बंदूक आणली होती. स्प्रिंग बोगदानानंच घातली, नव्वदची. भाऊ आपल्या गॅरेजात बसून आपल्याशी बोलतोय याचं तिला केवढं सुख होतं. मी खाली गेलो तर दोघं शेगडीपाशी बसून हसत होती. तिला तशी हसताना मी फार कमी पाहिलंय.

त्याच्या पहिल्या खेळाच्या सकाळी वारा नेहमीसारखाच कान कापत होता. रोसेनची बंदूक यंत्रात बरोबर ब्याण्णव दाखवून गेली. तिनं पुढे हिरवी पट्टी आवळली आणि मागची घ्यायला हात घातला. रोसेननं बंदूक मागे घेतली. सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "ताई, माझ्यावरपण? स्प्रिंग तूच घातलीस ना?" मागे माणसं हसली. स्तामेन म्हणाला की आता सख्ख्या भावाचेही खिसे तपासणार बाई. बोगदानाच्या हातात पट्टी तशीच राहिली. मग तिनं ती डब्यात टाकली आणि म्हणाली, "जा." मी शेजारीच उभा होतो. पट्टी लाव, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रांगेतल्या पुढच्याला हाक मारली.

दुपारी जिन्यात कालोयानच्या तोंडावर छर्रा बसला. कालोयान बेकरीत काम करतो, साधा माणूस, डोळ्यांना चष्मा होता पण तोंडावर नुसतं फडकं. समोरचा दात अर्धा तुटून हातात आला. नव्वदच्या स्प्रिंगनं ओठ सुजला असता, चार शिव्या घालून तो पुन्हा खेळला असता. जिन्यात वर रोसेन उभा होता.

सगळे टेबलापाशी जमले. बोगदानानं रोसेनची बंदूक मागितली आणि यंत्रात छर्रा मारला. एकशे एकवीस. पुन्हा मारला. तेच.

रोसेन म्हणाला यंत्र बिघडलं असेल, थंडीनं बॅटरी उतरली असेल. तिनं स्वतःची बंदूक मारून दाखवली, ती सकाळच्याच आकड्यावर होती. मग तिनं किल्ली घेतली, त्याच्या बंदुकीचा मागचा स्क्रू काढला आणि स्प्रिंग बाहेर ओढली. जाड तार, काळी. तिनं अंगठ्यानं एकदा दाबली, बस.

"ही मी घातलेली नाही."

स्तामेननं तिला आणि मला बाजूला घेतलं. हळू आवाजात समजावलं. पालिकेला कळवताना लिहू, पंचाची मोजणीत चूक झाली. पंच बदलला, नियम तोच, पालिकेला काही म्हणायला जागा नाही. तुझी खुर्ची महिनाभर दुसऱ्याला देऊ, मग परत घे. भाऊ आहे तुझा. नुकता आलाय. आईचा विचार कर.

म्हणजे दोनच वाटा होत्या, आणि त्या मला तेव्हाही कळत होत्या: एक तर तिनं आपला शब्द खोटा ठरवायचा, नाहीतर भावाला बाहेर काढायचं. कालोयाननं तोंडावर रक्ताचा रुमाल धरला होता, तोही बोबड्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना, बोगदाना. दातच आहे."

ती रोसेनसमोर जाऊन उभी राहिली. "सकाळची स्प्रिंग तुझ्या बॅगेत आहे. तूच काढ. तू काढलीस तर तू आपणहून कबूल केलंस असं मी म्हणेन."

एवढी सवलत तिनं आयुष्यात कुणाला दिली नव्हती. रोसेननं खांदे उडवले. "ताई, तू ना, काम फार करतेस हल्ली."

मग ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांसमोर, एका दमात. की मागची पट्टी तिनं लावली नाही ही चूक तिची, आणि स्प्रिंग रोसेननं बदलली हे काम त्याचं, आणि पालिकेला दोन्ही जसंच्या तसं कळवायचं. मी तसंच कळवलं. रोसेनला सहा महिने बंदी झाली. गिरणी वाचली.

वाचली, आणि मग बघा काय झालं.

आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतंय की जुन्या कम्युनिस्ट राजवटीत कुणाच्या सांगण्यावरून पोलिसांनी कुणाच्या बापाला उचलून नेलं. त्यामुळे आमच्याकडे खोटं खेळणाऱ्याला माणसं हसून सोडतात, पण सांगणाऱ्याला सोडत नाहीत. पुढच्याच खेळाला कुणीतरी तिच्या टेबलावर खडूनं लिहून ठेवलं होतं: खबरी. तिनं बाहीनं पुसलं आणि यंत्र मांडलं. रांगेत कुणी आलं नाही. स्तामेननं व्हॅनच्या मागच्या दाराशी दुसरं यंत्र लावलं होतं, सगळे तिथं उभे होते. कालोयानसुद्धा. नव्या दाताचा.

मी आरडाओरडा केला. म्हणालो, ज्या छपराखाली उभे आहात ते हिच्यामुळे आहे. स्तामेन शांतपणे म्हणाला, "गिरणीचे उपकार मान्य आहेत, भाऊ. पण उद्या ती माझंही सांगेल ना?" त्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. मागच्या स्क्रूची पट्टी त्याच दिवशी बंद झाली. खेळात विश्वास हवा, म्हणे. बंदी असलेल्या रोसेनला घेऊन ते डोंगरात खेळायला लागले, आणि तिथं तो त्यांना जर्मनीच्या गोष्टी सांगून हसवायचा. गॅरेजात बंदुका यायच्या थांबल्या. माझी तेवढी यायची, आणि तिच्यात काही बिघडलेलं नसायचं.

पेन्का मावशी मुलीशी बोलेना. जिन्यात मला म्हणाली, भावाला चार लोकांत नागडं करणारी बहीण मी कुठं बघितली नाही. मी म्हणालो, मावशी, त्यानं माणसाचा दात पाडला. ती म्हणाली, "दात काय, म्हातारपणी सगळ्यांचेच पडतात."

ईस्टरला मात्र तिनं दोघांना बोलावलं. मलाही, एकटा असतो म्हणून. टेबलावर कोकरू होतं, गोड पाव होता, मधोमध टोपलीत रंगवलेली अंडी. मावशीनं रीतीप्रमाणे, तब्येत चांगली राहावी म्हणून, पहिलं लाल अंडं सगळ्यांच्या गालावर फिरवलं, बोगदानाच्याही, आणि हळूच म्हणाली की आज तरी भावाची माफी माग, मी किती दिवसांची सोबती. बोगदाना मान खाली घालून बसली होती. तिनं माफी मागितली. मी स्वतःच्या कानांनी ऐकली.

मग टकरवायची वेळ झाली. रोसेननं बाहीतून आपलं अंडं काढलं, निळं. माझं फोडलं, आईचं फोडलं, हसत हसत बहिणीपुढे धरलं. तिचंही फुटलं. मावशीनं टाळ्या वाजवल्या. पोरगं नशीब घेऊन आलंय.

बोगदानानं हात पुढे करून त्याचं अंडं घेतलं. ते बाकीच्यांपेक्षा लहान होतं, एका टोकाला जास्तच निमुळतं. तिनं अंगठ्यानं ते दाबलं, स्प्रिंग दाबायची तसंच. मला तेव्हा कुठं कळलं की अंड्यांची गोष्ट निघाली की ती भांडी घासायला का उठायची. गिनी कोंबडीचं अंडं. त्याचं कवच दगडासारखं असतं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं, प्रत्येक वर्षी ठाऊक होतं.

तिनं तोंड उघडलं. पेन्का मावशीनं टेबलाखालून तिचा हात धरला. मावशीच्या चेहऱ्याकडे मी बघत होतो. मावशीलाही ठाऊक होतं.

"सणाच्या दिवशी नको, बोगदाना."

तिनं ते निळं अंडं भावाच्या ताटाशी ठेवलं. स्वतःचं फुटलेलं सोललं, मीठ लावलं आणि खाऊन टाकलं.