थोरल्या दिरांना विचारायचं राहिलं

कलीपा लग्न होऊन सासरी आली त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण सुनेच्या रीतीप्रमाणे थोरल्या दिरांचं नाव तिनं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. दिरांचं नाव जुमाकादिर. जुमा म्हणजे शुक्रवार, तेव्हा शुक्रवार हा शब्दसुद्धा तिला वर्ज्य. किर्गिझस्तानातल्या नारिन नदीकाठच्या जिल्हा इस्पितळात ती सर्जरी वॉर्डाची मोठी नर्स होती. ड्युट्या तीच लावायची आणि "गुरुवारनंतरच्या दिवशी तुझी पाळी" असं सांगायची. तिला एजे, म्हणजे ताई, म्हणणाऱ्या नव्या पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या.

"हसा," ती म्हणायची. "तुमची लग्नं होऊ देत, मग बघते."

घराबाहेर मात्र या बाईला भीड म्हणून नव्हती. सर्जन खिडकीशी सिगारेट ओढताना दिसला की ती त्याच्या हातातून काढून विझवायची. दारू आणि नशेबद्दल रोग्यांना कसं विचारावं याचं शिक्षण घ्यायला कुणाला तरी राजधानीला, बिश्केकला पाठवायचं ठरलं, तेव्हा इस्पितळाला दुसरं नाव सुचलंच नाही.

तिथं वर्गात बसल्या बसल्या तिला एक मेंढपाळ आठवला. पाय मोडून आला होता. रोज व्होडका पिणारा माणूस, खाटेवर पडला आणि दारू एकदम तुटली. दोन-तीन दिवसांत तो हवेतल्या मेंढ्या हाकायला लागला. वेड लागलं म्हणून त्याला पट्ट्यांनी खाटेला बांधलं आणि तो बांधलेलाच गेला. वेळेवर कळलं असतं तर साध्या औषधानं वाचला असता. पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि पट्ट्या आवळणाऱ्यांत कलीपाही होती. वर्गातल्या वर्गात ती रडली. तिला स्वतःचा संताप आला होता.

परतल्यावर तिनं जिल्ह्यातल्या नर्सांना शिकवायला घेतलं. गावोगावच्या दवाखान्यांतून बायका यायच्या, आणि कलीपा कधी दारुडा व्हायची, कधी दारुड्याची बायको. सोंग असं वठवायची की बायका हसून हसून खुर्चीवरून खाली यायच्या. मग एकदम गंभीर व्हायची. तिचा नियम एकच होता : सगळ्यांना विचारायचं. चेहरा बघून ठरवायचं नाही.

"पण एजे," तिच्याच वॉर्डातल्या नुरजामालनं एकदा विचारलं, "मशिदीत नमाज पढवणाऱ्या मोल्दोंना कसं विचारू? मला लाज वाटेल."

"त्यांचा रक्तदाब मोजतेस ना?"

"मोजते."

"तेव्हा लाज वाटते? मग विचारतानाही वाटायची नाही. लाज घरी चुलीपाशी ठेवून यायची, परत गेलीस की तिथंच सापडेल."

लोक खरं सांगायचे नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. दारू सोडवायच्या सरकारी दवाखान्यात नाव लागलं की गाडी चालवायचा परवाना जातो, कधी नोकरी जाते, मुलीचं लग्न अडतं. म्हणून ती पोरींना सांगायची, "आपण पोलीस नाही. खाटेवर पडल्या पडल्या माणूस मरू नये म्हणून विचारतोय. हे आधी सांगा, मग विचारा."

शरद सरता सरता एका दुपारी जुमाकादिरना इस्पितळात आणलं. अंतर्गळ अडकला होता, पोट दगडासारखं झालं होतं. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं.

हा माणूस गावातल्या शाळेची गाडी चालवायचा. बायको वारली तेव्हापासून एकटाच राहायचा. लग्नकार्यात पेले भरले जायचे तेव्हा आपल्या पेल्यावर तळहात ठेवायचा, "मी मुलं नेतो-आणतो बाबा," म्हणायचा. त्याचं उदाहरण गावभर देत. कलीपाची नात बेगायिम रोज त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून शाळेत जायची.

त्या दुपारी वॉर्डात आणखी दोन रोगी नवे होते, मशिदीतले मोल्दो आणि एक कॉलेजचा पोरगा. कलीपानं मोल्दोंना विचारलं, ते रागावले, तरी विचारलं. पलीकडच्या पोराला विचारलं. मग दिरांच्या खाटेपाशी आली, रीतीप्रमाणे वाकून सलाम केला आणि नजर खाली घातली.

"कधीपासून दुखतंय, बाइके?" कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं ती त्यांना बाइके म्हणे.

"सकाळपासून."

"कुठल्या गोळ्या घेता?"

"नाही."

पुढचा प्रश्न दारूचा होता. तिनं त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि मागे फिरली.

"एजे, ते बाकीचे प्रश्न?" नुरजामालनं दारात हळूच विचारलं.

"माझे थोरले दीर आहेत ते. ते पीत नाहीत."

खरं तर वसंतात सणाच्या दिवशी तिनं त्यांना चहाचा वाडगा दिला होता तेव्हा त्यांचा हात इतका थरथरला की चहा गालिच्यावर सांडला. तिनं पाहिलं होतं. पण त्यांच्यासमोर ती नेहमीच नजर खाली घालायची. तेव्हाही घातली आणि गालिचा पुसला.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना घाम सुटायला लागला, हात कापायला लागले. सर्जनला वाटलं, जखम चिघळतेय. त्यानं औषध बदललं. "हे पितात का?" असं त्यानं विचारलंही. नुरजामालनं कलीपाकडे पाहिलं.

"नाही," कलीपा म्हणाली.

त्यानंतरच्या सकाळी नुरजामाल धावत आली. जुमाकादिरनी सलाईन उपटून टाकलं होतं आणि ते खिडकीच्या कट्ट्यावर चढले होते. वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडी. ते हवेत स्टिअरिंग धरून ओरडत होते, "नदीचं बर्फ फुटतंय! मुलांनो, दार उघडा, उड्या मारा!"

नुरजामाल "बाइके, बाइके" करत होती. मोल्दो "भल्या माणसा" म्हणत होते. जुमाकादिरना कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. कलीपा दारात आली आणि तिला तो मेंढपाळ दिसला. तोच घाम, तेच डोळे.

"जुमाकादिर!"

नुरजामालनं गर्रकन वळून पाहिलं. तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नाही. नाव घेतलंच होतं, तर ती एकेरीवरही आली.

"जुमाकादिर, इकडे बघ. मुलं घरी पोचली सगळी. मी मोजून घेतली. उतर खाली."

त्यांनी मान वळवली. तिच्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा हात पुढे केला. तिनं त्यांना उतरवून घेतलं. तिचा पांढरा कोट त्यांच्या जखमेच्या रक्तानं भरला.

सर्जन धावत आला तेव्हा तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "हे पितात. दारू तुटलीय म्हणून हे होतंय. मी विचारलं नव्हतं."

"तू? तू तर अख्ख्या जिल्ह्याला शिकवतेस, कलीपा," सर्जन म्हणाला. पण तेवढंच. पुढचे दिवस धावपळीचे गेले. पट्ट्यांनी खाटेला मात्र कलीपानं त्यांना बांधू दिलं नाही. नुरजामाल आणि ती आलटून पालटून त्यांचा हात धरून बसल्या.

शुद्ध नीट आली त्या दुपारी त्यांनीच तिला जवळ बोलावलं.

"मोल्दोला विचारलंस," ते म्हणाले. "त्या पोराला विचारलंस. माझ्यापाशी आलीस आणि पांघरूण नीट केलंस."

कलीपाची नजर त्या पांघरुणावर गेली.

"मी वाट बघत होतो. या खेपेला कुणीतरी विचारेल, तर सांगून टाकीन म्हणत होतो. तू विचारलं नाहीस. वाटलं, हिला ठाऊक आहे, घराची अब्रू झाकतेय. मग मीही झाकली."

"चुकलं माझं, बाइके."

"गाडी जाईल ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "जाईल," ती म्हणाली. मग तिनं स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा नजर वर ठेवून विचारायला सुरुवात केली. किती वेळा? रोज. किती? अर्धी बाटली, हिवाळ्यात जास्त. नुरजामाल पलीकडे औषधं लावत होती. तिचे हात थांबले होते.

"सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का?"

जुमाकादिर खिडकीकडे वळले. खिडकीला आता कुलूप होतं.

"गाडी काढण्याआधी," ते म्हणाले. "हात कापू नये म्हणून. बेगायिम शेजारीच बसते ना, तिला दिसलं असतं."