नुसती तालीम

"काय काका, डायलॉग विसरलात म्हणे? पोरीने बापालाच काढलं ना!" विक्रोळीच्या आमच्या वसाहतीत हे मला तोंडावर विचारले जाते. काढले, हे खरे. विसरलो, हे धादांत खोटे. मला माझेच काय, समोरच्या नटीचेही संवाद पाठ होते. कारखान्याच्या नाट्यस्पर्धा गाजवलेल्या माणसाविषयी जरा माहिती घेऊन बोलावे.

मुलीचे पहिले सहा लघुपट आमच्या दोन खोल्यांतच, मोबाइलवर झाले. सहांतही बाप मीच. "बाबा, नुसती तालीम आहे, आवाज चढवू नका," असे ती म्हणे. मी खुर्चीत बसून बनियनच्या टोकाने चष्मा पुशीत संवाद म्हणून टाकी. नंतर खरा शॉट होई. त्यात मी जीव ओती. लोक म्हणत, किती सहज करता! नटाने स्वतःला पाहू नये ही माझी शिस्त, म्हणून ते लघुपट मी कधी पाहिले नाहीत.

पुढे मुलुंडच्या एका फ्लॅटमध्ये तिचा पहिला मोठा चित्रपट सुरू झाला. 'अ‍ॅक्शन' ऐकले की माझा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी निघे. अकरा टेक वाया गेले. मग ती माझ्या खुर्चीशी उकिडवी बसली.

"दमलात ना? चला, नुसती तालीम करू."

मी चष्मा काढला. मान वळली, तर कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटलेला.

"हा का चालू आहे गं?"

ती फरशीकडे पाहू लागली.

"तेव्हाही? सहाही वेळा?"

"तुम्ही तेव्हाच खरे वाटता, बाबा. मी काय करू?"

मग दृश्यातला माझा संवाद मी असा ठणकावून म्हटला की समोरच्या इमारतीतली माणसे खिडकीत आली. दुसऱ्या दिवशी भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली.

गेल्या महिन्यात घाटकोपरला एकटाच जाऊन चित्रपट पाहिला. तो नट खुर्चीत बसतो, चष्मा काढतो, बनियनच्या टोकाने पुसतो आणि हळू बोलतो. हे त्याला तिनेच शिकवले असणार. मला नाही शिकवले. कॅमेरा चालू आहे हे ठाऊक असून तो ते करत होता.

"काय नॅचरल आहे यार!" शेजारचा तरुण म्हणाला.

माझ्या चष्म्याची काच धूसर झाली होती. हात सदऱ्याच्या टोकाकडे गेला, आणि तो जाताना मला दिसला. मी तो परत मांडीवर ठेवला.