झिलानं दिलेलं घड्याळ

ती घटना आजही आठवली की मला आधी स्वतःचंच हसू येतं. साठच्या दशकात मी साताऱ्याकडून मालवणला नवी महिला जमादार म्हणून आले. गणवेश कडक, तोरा त्याहून कडक. मालवणी शब्द कळत नव्हता, पण कबूल कोण करणार?

एका व्यापाऱ्याच्या बायकोनं फिर्याद दिली. दिवाणखान्यातलं रशियन घड्याळ चोरीला गेलं होतं. सासऱ्यांनी गोव्यातल्या लिलावात घेतलेलं, हिरव्या दगडाचं, चांदीनं मढवलेलं. खबर आली की देवबागच्या एका म्हातारीच्या खोपीतून ठोके ऐकू येतात. गेलो, तर पाण्याच्या कळशीशेजारी ते घड्याळ दिमाखात बसलेलं. पंचनामा केला, मुद्देमाल जप्त केला, म्हातारीला ठाण्यात आणलं. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"कोणी दिलं?"

"झिलान."

"राहतो कुठे?"

"रवतलो खंय? आपल्या घरात."

मी जुन्या शिपायाला हुकूम सोडला, "झिलान नावाच्या इसमाला हजर करा."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, झील म्हणजे मुलगो. मालवणात घराघरात आसत. किती जणांक आणू?"

चौकशीत कळलं, म्हातारीला मूलबाळच नाही. झालं, मला अट्टल चोर पकडल्याचा आनंद. आवाज चढवून म्हणाले, "खोटं बोललीस तर कोठडीत जाशील."

"जातंय गो," ती शांतपणे म्हणाली. "पण त्याचा नाव काढूचंय नाय. त्याच्या घरात झगडो होतलो."

मुद्देमाल ओळखायला फिर्यादी बाई आल्या, सोबत यजमान. बाई म्हणाल्या, "हेच आमचं." यजमान नुसते खाकरले, तशी बाकावरची म्हातारी वळली.

"इलंस रे झिला? जेवलंस?"

तो भारदस्त गृहस्थ तिच्या पायांशी फरशीवर बसला.

"जेवलंय गे आये."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, मला जन्म देऊन माझी आई गेली. हिचं बाळ तेव्हाच दगावलेलं; मी हिच्या दुधावर वाढलो. हिला आता दिवस-रात्र कळत नाही, म्हणून ठोक्यांचं घड्याळ मीच नेऊन दिलं. घरात सांगायचा धीर झाला नाही."

बायकोनं घड्याळ फिरवून मागची चावी पाहिली. मग म्हातारीला विचारलं, "चावी कोण देता?"

"तोच. बाजाराच्या दिवशी येता."

"म्हणजे दर बाजाराच्या दिवशी घरी यायला उशीर होतो तो ह्यामुळे," ती नवऱ्याला म्हणाली. मग मला, "फिर्याद मागे घ्यायला कुठे सही करू?"

पुढे नोकरीत पुष्कळ जबाब घेतले. शब्द अडला की लाज सोडून शिपायाला विचारायची सवय लागली. आणि आरोपी तोंड उघडेना, तर तो काय लपवतोय हे शोधण्याआधी कोणाला जपतोय ते बघायची.