लाल गाडी, डावी सीट आणि वणीचे सलीमभाई

नागपूर ते मुकुटबन साधारण दीडशे किलोमीटर. साध्या गाडीनं तीन-साडेतीन तास. माझ्या दोन सीटच्या, पंचवीस वर्षं जुन्या, लाल स्पोर्ट्स कारनं किती, ते तिच्या मर्जीवर. मेव्हण्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि मी हीच गाडी न्यायचं ठरवलं. प्रश्न सुषमाचा, म्हणजे माझ्या बायकोचा होता. आठ महिने ती या गाडीत बसली नव्हती.

कारण सांगायला लाज वाटते. मी एकटा असलो की गाडी नीट चालायची. सुषमा बसली की मध्येच बंद. नागपुरात तीन मेकॅनिक झाले. बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, पेट्रोल पंप नवा टाकला. प्रत्येक जण एकटाच चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "मख्खन चालते साहेब!" शेवटी एका लग्नात, तिच्या माहेरच्या सगळ्यांसमोर मी बोलून गेलो, "गाडीत काही दोष नाही, हिचा पायगुण आहे." सगळे हसले. सुषमा बसनं घरी आली.

या वेळी मात्र ती तयार झाली. "माह्या भावाचं घर हाये, वेळेवर पोचाचं हाये," ती म्हणाली. "पण बंद पडली तर मी ढकलणार नाई, आताच सांगून राह्यली."

सकाळी सहाला निघालो. जाम गावच्या चौकात तर्री-पोहे खाऊनच पुढे जा. तर्री वेगळी मागा, नाहीतर ते प्रेमानं पोहे बुडवून देतात. वरोऱ्यानंतर रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. काचा वर ठेवा, पांढरा शर्ट घालू नका. माझी गाडी इतकी बुटकी, की ट्रकवाल्याला आम्ही दिसत नाही आणि आम्हाला त्याची फक्त चाकं दिसतात. दोन्हीकडे कापूस फुटलेला. रस्त्यालगतचा तेवढा कोळशाच्या धुळीनं करडा.

वर्धा नदीचा पूल ओलांडला, एक खड्डा आला आणि इंजिन गप्प झालं. सुषमा उतरली. किल्ली फिरवली तर गाडी सुरू! वणी येईपर्यंत हे आणखी दोनदा झालं.

वणीत चहावाल्यानं सलीमभाईंकडे पाठवलं. पन्नाशीचा माणूस, ट्रकांचं वायरिंग करणारा. त्यांनीही एकट्यानं चक्कर मारली.

"मख्खन चालते, असंच ना?" मी विचारलं.

"चालते ते पाह्यलं. बंद कवा पडते?"

मी बदललेल्या सगळ्या पार्टांची यादी ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकली. "हे झालं बदलवलेलं. मी बंद कवा पडते ते विचारून राह्यलो."

मी सुषमाकडे पाहिलं.

"मी बसली की," ती म्हणाली. "अन् खड्डा आला की. दोन्ही पाह्यजेत. मी उतरली की सुरू होते."

सलीमभाई हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. तीन मेकॅनिकांना मी हे कधी सांगितलंच नव्हतं, कारण माझ्या मते ही माहिती नव्हतीच, विनोद होता.

त्यांनी पेट्रोल पंपाच्या तारेला एक छोटा दिवा जोडला आणि तो समोर डॅशबोर्डवर आणून ठेवला. इंजिन सुरू, दिवा पेटलेला. "भाभी, बसा. आता जरा उसळा." सुषमा उसळली. दिवा विझला, इंजिन बंद. "उठा." दिवा पेटला.

चार बोल्ट काढून सीट बाहेर आली. खालून पंपाची तार जात होती आणि खचलेली सीट नेमकी तिच्यावर दाबत होती. "तार वरून साबूत दिसते, अंदरून तुटेल हाये," सलीमभाई म्हणाले. "दुसरं कोनी बसत नाई का इथं?"

नाही. मी कुणाला बसूच देत नव्हतो. सीट खराब होते म्हणून.

अर्ध्या तासात नवी तार कडेनं नेऊन बसवली. मजुरी दोनशे रुपये. "जुना पंप फेकला तर नाई ना?" त्यांनी हळूच विचारलं. मी विषय बदलला.

सुषमा मात्र दार धरून उभीच. "पायगुण तुम्ही सगळ्याइसमोर म्हनला होता. तार बी सगळ्याइसमोर सांगा."

मुकुटबनपर्यंतच्या पस्तीस किलोमीटरमध्ये गाडी एकदाही बंद पडली नाही. खरं तर माझी इच्छा होती, एकदा तरी पडावी.

मांडवात वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. हातात ताट घेऊन मी सुरुवात केली ती पुन्हा विनोदानंच. दोघे-तिघे हसले. सुषमा हसली नाही. मग सरळ सांगितलं, "दोष सीटखालच्या तारेत होता. मी तो हिच्यावर ढकलला. चुकलं माझं."

सासूबाई वाढायला आल्या. "जावईबापू, भाजी घ्या," एवढंच म्हणाल्या आणि नको म्हणायच्या आत दोन पळ्या वाढल्या.

परत आल्यावर मित्रांनी विचारलं, एवढं त्या भागात गेलात, काय काय पाहिलं? सांगण्यासारखं स्थळ एकही नाही. पण परतीच्या वाटेवर वरोऱ्याच्या पुढे सहज डावीकडे पाहिलं, तर सुषमा गाढ झोपली होती, मान खिडकीला टेकवून. या गाडीत ती कधीच झोपली नव्हती. कायम रस्त्यावर नजर ठेवून, अंग चोरून बसायची. नागपूरला घराच्या फाटकाशी पोचलो तरी ती झोपलेलीच. गाडी बंद करायला किल्लीकडे हात गेला आणि थांबला. गाडी तशीच पुढे काढली आणि कॉलनीला आणखी दोन चकरा मारल्या.