सोडायची राहिलेली दोरी

आमचं घर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, शेळ्या-गुरांचं. त्या घरातून पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. भोरच्या कॉलेजातल्या सरांनी समोर बसवून अर्ज भरून घेतला नसता, तर समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे असतात हेही मला कळलं नसतं. आता त्या झऱ्यांवर लक्ष ठेवणं हीच माझी नोकरी आहे. तिथे माणूस जात नाही. तापमान नोंदवणारं यंत्र कडीने वजनाला अडकवून तीन किलोमीटर खाली सोडायचं. वर्षाने जहाजावरून आवाजाची खूण पाठवली की कडी उघडते, वजन तळाशी राहतं आणि यंत्र तरंगत वर येतं.

गेल्या वर्षी यंत्र सोडायच्या दिवशी जहाज फार डोलत होतं. डेकवर ते घसरू नये म्हणून मी ते वजनाला दोरीने बांधलं, वडिलांनी, म्हणजे आबांनी शिकवलेल्या गाठीने. एक खलाशी हसला, "ताई, यंत्र बांधताय का म्हैस?"

आबांची शिस्त अशी की जनावर नव्या खुंट्याला बांधल्याशिवाय जुनं दावं सोडायचं नाही. कडी बसू दे, मग दोरी सोडू, म्हणून मी थांबले. कडी बसली आणि क्रेनवाल्याने घाई केली. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "सगळं मोकळं केलंस ना?"

"हो मॅडम." तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं.

यंदा त्याच जागी जाऊन खूण पाठवली. चार सेकंदांत उत्तर आलं, कडी उघडली. पण पडद्यावर दिसणारं यंत्राचं अंतर तेवढंच राहिलं. तासाभराने बाई म्हणाल्या, "चिखलात रुतलं असेल." तेवढ्यात मला दोरी आठवली. मी त्यांना सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. "आता खाली जाऊन कोण सोडणार?" एवढंच म्हणाल्या.

दोन दिवस आम्ही दर तासाला खूण पाठवली. दर वेळी उत्तर आलं, अंतर तेच. वर्षभराची नोंद यंत्राच्या पोटात होती. तिसऱ्या सकाळी जहाज वळलं.

सुट्टीत घरी आल्यावर आबांना सांगितलं. ते करडू बांधत होते.

"हाक मारली की ओ देतंय न्हवं?"

"देतंय की. पण येत न्हाई."

"कसं यील? माझी गाठ हाय ती. भिजली की आजून आवळती." हे ते जरा अभिमानाने बोलले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आवाज उतरवून विचारलं, "त्याचं चार्जिंग कवर टिकंल?"

"चार-पाच म्हैनं."

"आन् तुमचं जहाज?"

"पुढच्या वर्षी जाणार, आबा."

त्यांनी करडाची गाठ सोडली आणि सैल करून पुन्हा बांधली.